इंग्रजीची वही भरली, पण वाक्यं कोणाची? लिहायला शिकवताना ‘परांची’ लागते, आणि ती वेळेवर काढावीही लागते

पोराची इंग्रजीची वही उघडली की पानं भरलेली दिसतात. अक्षर चांगलं, खाली लाल पेनाने सही. पण त्याच पोराला ‘काल बाजारातून काय आणलं ते चार ओळीत इंग्रजीत लिही’ म्हटलं की पेन जागेवरच थांबतो. कारण वहीतलं बरंचसं फळ्यावरून नाहीतर गाईडमधून उतरवलेलं असतं. जिल्हा परिषदेची शाळा असो की फी भरून घातलेली इंग्रजी मीडियमची, अनेक घरांत हाच अनुभव आहे.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत पोरगं दहा वर्षं इंग्रजी शिकतं. तरी ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्केच मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आलं. वाचता आलेल्यांपैकीही साधारण चौथ्या हिश्श्याला अर्थ सांगता आला नाही. हे झालं वाचनाचं. लिहिणं त्याहून अवघड.

घोडं अडतं कुठे?

मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी बाजारातून भाजी आणली.’ इंग्रजीत ‘आणली’ हा शब्द ‘मी’च्या लगेच पुढे येतो: ‘आय ब्रॉट व्हेजिटेबल्स फ्रॉम द मार्केट.’ त्यातला ‘द’ तर मराठीत नाहीच. काय सांगायचं, त्याला शब्द कोणता, स्पेलिंग काय, कुठला शब्द आधी, हे सगळं पोराला एकदम सांभाळावं लागतं. तिथे ते दमतं आणि शेजारच्या वहीत बघतं. पोरगं ढ नसतं, आधार कमी पडलेला असतो.

घर बांधताना गवंडी आधी बांबूची परांची उभी करतो. भिंत झाली की परांची सोडतो. शिकवण्यातल्या अशाच तात्पुरत्या आधाराला शिक्षणशास्त्रात ‘स्कॅफोल्डिंग’ म्हणतात, म्हणजे परांचीच. वुड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी १९७६ मध्ये हा शब्द मांडला. तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना मोठ्या माणसाने किती मदत करावी आणि कधी हात काढावा, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठी लेखन शिकवण्याची पायऱ्यांची पद्धत तयार झाली. आधी नमुना उलगडायचा, मग सगळ्यांनी मिळून लिहायचं, शेवटी एकट्याने.

वर्गात हे कसं होतं?

विषय घ्या आठवडी बाजाराचा. आधी मराठीतच गप्पा: कोणासोबत गेलात, काय घेतलं, भाव काय होता. त्यातून निघालेले दहा-बारा इंग्रजी शब्द फळ्याच्या कडेला. मग पाच ओळींचा नमुना सगळ्यांनी वाचायचा, त्यात ‘गेलो’, ‘घेतलं’ हे शब्द कुठे बसलेत ते बघायचं. मग पोरांनी वाक्यं सांगायची आणि गुरुजींनी फळ्यावर लिहायची, चूक सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. नंतर अर्धी वाक्यं द्यायची: ‘आय वेंट विथ...’, ‘वी बॉट...’. पुढच्या आठवड्यात विषय जत्रेचा, तेव्हा फक्त शब्द द्यायचे. त्याच्या पुढे काहीच नाही.

यात स्मार्ट टीव्ही लागत नाही, खडू-फळा पुरतो. लागतो तो वेळ, आणि खरी अडचण तिथेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे ६० पटापर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. दोघांनी चार-पाच वर्ग बघायचे, वर माहिती भरायची कामं. अशा शाळेत एकच फळा सगळ्यांना वापरता येतो: दुसरीच्या पोरांनी गाळलेले शब्द भरायचे, चौथीच्या पोरांनी स्वतःची वाक्यं लिहायची. पण रोज नवा धडा उरकायची घाई असेल तर हेही होत नाही.

गाईड हीसुद्धा परांचीच, पण कधीच न सोडलेली. दहावीच्या पेपरात पत्र, भाषण, बातमी असे प्रकार येतात. विषय जरा बदलला की पाठ केलेलं पत्र कोसळतं. पुढे नोकरीचा अर्ज भरताना गाईड सोबत नसतं. उलट टोकाला, पहिल्याच दिवशी ‘स्वतःच्या मनाने निबंध लिहा’ सांगणं म्हणजे परांचीशिवाय दुसरा मजला बांधायला लावणं.

पालकांनी काय बघावं?

इंग्रजी येत नसलं तरी तपासता येतं. एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवा. निबंध शब्दाला शब्द सारखा असेल तर तो उतरवलेला आहे. वेगळा असेल, मोडकातोडका असेल, खाडाखोड असेल, तर पोरगं लिहायला शिकतंय. चुकांवरून त्याला बोलू नका.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा सदस्य पालकच असतात. बैठकीत कंपाउंड आणि रंगरंगोटीसोबत एवढंही विचारता येईल: आठवड्यातून एक तास पोरं स्वतःची वाक्यं लिहितात का? इंग्रजीसाठी गावची शाळा सोडून तालुक्याच्या शाळेची फी भरण्याआधी हा प्रश्न दोन्ही शाळांना विचारावा. उत्तर तोंडी नको, वही दाखवा म्हणावं.