गोंदाचं बाटिक



आपला पांढरकवडा कापसाच्या मुलखातला. मुलं कापसाच्या गाड्या रोज बघतात, पण कापडावर स्वतःच्या हाताने काही उमटवायची संधी त्यांना क्वचितच मिळते. या सुटीत ती द्या.

बाटिकमध्ये कापडाचा जो भाग पांढरा ठेवायचा, तो वितळलेल्या मेणाने झाकतात आणि बाकीचा रंगवतात. इंडोनेशियाच्या बाटिकला २००९ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या देशात कच्छमधल्या मुंद्र्याचे खत्री आणि उज्जैनजवळच्या भैरवगडचे छिपा कारागीर हे काम करतात. गरम मेण मुलांच्या हाती देता येत नाही, म्हणून आपण गोंद घ्यायचा.

साहित्य : जुन्या सुती चादरीचा हातभर तुकडा, पाण्याने धुतला जाणारा शाळेतला गोंद, अॅक्रिलिक रंग, ब्रश.

कृती : कापड धुऊन खळ काढा. वाळल्यावर प्लास्टिकवर ताणून चिकटवा. पेन्सिलीने वेल, पानं, चांदण्या काढा आणि बाटलीच्या टोकाने रेषांवर गोंद सोडा. तो पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात काही तास लागतात, पावसाळ्यात रात्रभर. मग रंगात थोडं पाणी घालून सगळीकडे लावा. रंग दाट असला तर गोंद त्याच्याखाली दबून राहतो आणि नीट निघत नाही. दुसऱ्या दिवशी कापड अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळा. गोंद निघून पांढऱ्या रेषा दिसतील. इस्त्री त्यानंतरच आणि उलट्या बाजूने करा.

गोंदाच्या बाबतीत मी एकदा चुकले. घरात होता म्हणून सुतारकामाचा गोंद लेकीला दिला. ती नानीसाठी ताटावर झाकायचा रुमाल करत होती. वाळल्यावर तो गोंद काही केल्या निघेना; कापड पापडासारखं कडक झालं. "अम्मी, मला येतच नाही," म्हणून ती रडली. मी तिला सांगितलं, "बेटा, चूक माझी आहे. गोंद मी चुकीचा दिला." तेव्हा कुठे ती पुन्हा बसली.

म्हणून आधी चिंधीवर गोंद लावा, वाळवा, धुऊन बघा. आणि रेष वाकडी आली तर आपण हात घालू नका. दुसऱ्या रुमालावरची वेल वाकडीच आली. ईदच्या दिवशी नानीने शीरखुर्म्याच्या वाट्यांवर तोच झाकला, आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं की हा माझ्या नातीने केलाय.