काका, पुन्हा एकदा साक्ष द्याल?

आदरणीय काका,

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये तुमचं नि माझं दार समोरासमोर आहे. चार पावलं टाकून हे सांगता आलं असतं. पण तुम्ही जे बोललात ते लिफ्टच्या रांगेत, दहाजणांसमोर बोललात. म्हणून उत्तरही चारचौघांत देतो.

२१ एप्रिल २०२५, ईस्टरचा दुसरा दिवस. पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली होती. मी कामावरून परतत होतो. तुम्ही म्हणालात, "तुमचे साहेब गेले म्हणे! आता तुम्हाला हुकूम कोणाचा?" सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र घास उतरला नाही.

हुकूम कसला, काका? आम्ही श्रीरामपूरकडचे. माझी आजी हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला पायी जायची आणि माउलीला मराठीतच गाऱ्हाणं घालायची. रोम कुठल्या दिशेला आहे, हे तिला मरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

पोप मी एकदाच पाहिले. ९ फेब्रुवारी १९८६, शिवाजी पार्क. पप्पांच्या खांद्यावरून एक पांढरा ठिपका दिसला, तेवढंच. जॉन पॉल दुसरे होते ते. पप्पांचे डोळे मात्र भरून आले होते. पंढरीला नुसत्या कळसाच्या दर्शनानं तुमचे भरतात, तसेच.

अशा पाहुण्याला विरोध करू नका, असं मी म्हणत नाही. १९६४च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईत आले, त्याआधी तीनच महिने पवईच्या सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषद स्थापन झाली. धर्मांतराची काळजी तेव्हाही होती. त्याच पोपनी इथं भाषणात उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, हेही खरं. १९९९ला दिल्लीत जॉन पॉल यांनी तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचं मोठं पीक येण्याची भाषा केली. ती मलाही खटकली. पीक म्हटलं की शेजाऱ्याला आपलं शेत आठवणारच. गोव्यातल्या इन्क्विझिशनचा जाब विचारणाऱ्यांनाही मी चूक म्हणणार नाही. जाब जरूर विचारा, पण ज्याचा त्याला विचारा. तो माझ्या दारात कशाला?

२०२१मध्ये पोप फ्रान्सिसना भारतात यायचं आमंत्रण पंतप्रधानांनी स्वतः व्हॅटिकनला जाऊन दिलं. मी दिलं नव्हतं. ते आलेही नाहीत. तरी हिशेब माझ्याकडेच मागायचा?

आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बौद्ध कुटुंबाला असं कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. १९५६ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर जन्मानं ब्रह्मदेशचे. म्हणून त्यांच्याकडून दीक्षा घेणारे बाबासाहेब कुणाच्या हुकमातले झाले का?

आणि पाहुणा घरचा असला तरी काय होतं, तेही पाहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे. उभं आयुष्य मराठीत लिहिलं, बायबल सोप्या मराठीत आणलं. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तर धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झालाच. तेव्हा कळलं, प्रश्न विमानातून उतरणाऱ्याचा नाहीच.

काका, आपण रुळांलगत राहायचो तेव्हाचा पुनर्वसनाचा सर्व्हे आठवतो? यादी लागली, पप्पांच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलेलं. नाव वेगळं, आडनाव वेगळं, कागद गावचे. पप्पा खचून ओट्यावर बसले. तुम्ही तुमचा खाडा करून त्यांच्याबरोबर गेलात. साहेबाच्या टेबलावर हात ठेवून म्हणालात, "हा माणूस इथलाच आहे. माझ्या भिंतीला याची भिंत आहे." त्या एका वाक्यावर आम्हाला मानखुर्दची ही खोली मिळाली. पप्पा जाईपर्यंत ते वाक्य सांगायचे.

म्हणून लागलं, काका. परक्यानं म्हटलं असतं तर कानामागे टाकलं असतं. ज्यानं माझ्या बापाला पात्र करून आणलं, त्यानंच मला पुन्हा यादीबाहेर काढावं?

व्हॅटिकनमध्ये आता नवे पोप आहेत. उद्या त्यांच्या येण्याची बातमी आली की लिफ्टपाशी पुन्हा चर्चा होईल. त्यांच्याबद्दल काय बोलायचं ते बोला, मी मध्ये पडणार नाही. फक्त तेव्हा कुणी माझ्याकडे बघून हसलं, तर भिंतीचं ते वाक्य एकदा म्हणाल?

तुमचाच,
समोरच्या दारातला