बचावपटूचा हिशेब

फुटबॉलच्या मैदानावर गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. गोल होऊ न देणाऱ्याचे क्वचितच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. न फुटलेले धरण आणि न बुडालेली पतपेढी यांची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नसते. बचावपटू पुढे प्रशिक्षक झाला म्हणजे तर त्याचे श्रम आणखीच अदृश्य होतात. अशा एका माणसाच्या कारकीर्दीचा विचार खानदेशातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी करावा, असे मला वाटते.

गोव्याचे डेरिक परेरा हे आपल्या खेळाच्या काळात साळगावकर क्लबाचे बचावपटू होते. भारताकडूनही ते खेळले. पुढे ते प्रशिक्षक झाले आणि २००५-०६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळविले. महाराष्ट्रातील संघाला हा मान प्रथमच मिळत होता. त्यानंतर पुणे एफसी हा संघ त्यांनी हाती घेतला. आय-लीगमधील पहिल्याच हंगामात, म्हणजे २००९-१० मध्ये, तो तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. नंतर साळगावकर, पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, चर्चिल ब्रदर्स असा त्यांचा प्रवास झाला. २०१९ मध्ये भारताचा तेवीस वर्षांखालील संघ त्यांच्याकडे होता. डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे परदेशी प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या क्लबात निघून गेले, तेव्हा तो संघ सावरण्याचे कामही परेरांवरच आले. बचावपटूचा धर्म त्यांना तेथेही सुटला नाही.

आता या यादीकडे दुसऱ्या बाजूने पाहू. महिंद्रने आपला संघ २०१० मध्ये बंद केला. पुणे एफसी २०१५ मध्ये संपुष्टात आला. साळगावकरने २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर राष्ट्रीय पातळीवर दिसला नाही. प्रशिक्षकाचे कौशल्य टिकले; त्याला कामावर ठेवणाऱ्या संस्था मात्र एकामागून एक मिटल्या. कारण उघड आहे. हे संघ एकेका उद्योगसमूहाच्या मर्जीवर उभे होते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि प्रसिद्धी व पैसा तिकडे वळला, तेव्हा ती मर्जीही आटली. परेरांना पुढचे काम मिळत गेले, कारण गोवा, मुंबई, पुणे येथे अशा कौशल्याला थोडीफार बाजारपेठ होती. तोच माणूस जळगावात वा धुळ्यात जन्मला असता तर त्याला दुसरी नोकरी कोणी दिली असती?

हा प्रश्न भावनेचा नाही, गुंतवणुकीचा आहे. आपल्याकडे खेळावर पैसा खर्चच होत नाही, असे नाही. चषक, मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे सत्कार, रोख बक्षिसे यांवर गावोगावी पैसा उधळला जातो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा उपभोग खर्च होय. चार दिवसांत तो संपतो. बारा महिने मैदानावर उभा राहणारा प्रशिक्षक हा भांडवली खर्च आहे, आणि त्यालाच आपण हात आखडता घेतो. केळीच्या बागाईतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. घड कापण्याच्या दिवशी पाणी देऊन चालत नाही, हे तो जाणतो.

कोणी म्हणेल, आपले जिल्हे लहान, हे आपल्याला झेपणारे नाही. आइसलँड या देशाची लोकसंख्या २०१६ मध्ये सुमारे तीन लाख तीस हजार होती. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव शहराची लोकसंख्या चार लाख साठ हजार आणि धुळ्याची पावणेचार लाख आहे. त्या चिमुकल्या देशाने २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडला हरविले आणि २०१८ च्या विश्वचषकात प्रवेश मिळविला. तेथे लहान मुलांनाही परवानाधारक, वेतन घेणारे प्रशिक्षक शिकवतात. त्यांची श्रीमंती आपल्याजवळ नाही, हे मान्य. परंतु खर्चाचा क्रम तरी आपण त्यांच्याकडून घेऊ शकतो.

खानदेशात आधार अगदीच नाही असे नव्हे. भुसावळला रेल्वे आहे, धुळ्याला राज्य राखीव पोलीस दल आहे, जळगावच्या जैन उद्योगसमूहाने कॅरमपटूंना नोकऱ्या दिल्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची मैदानेही आहेत. मात्र एकाच धन्यावर विसंबलेला संघ धन्याबरोबर बुडतो, हा परेरांच्या कारकीर्दीतील धडा विसरून चालणार नाही. म्हणून दहा महाविद्यालयांनी, नगरपालिकांनी आणि उद्योजकांनी थोडी थोडी वर्गणी काढून प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावा. एकाने हात काढून घेतला तरी उरलेले नऊ त्याचे वेतन चालवतील. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या प्रदेशाला ही व्यवस्था अवघड वाटू नये.

येत्या हंगामात चषकाची उंची एक वीत कमी झाली तर कोणाचेही काही बिघडणार नाही. परंतु खेळून थकलेल्या एखाद्या होतकरू बचावपटूला शिकविण्याची नोकरी मिळाली, तर पुढची वीस वर्षे त्याच्या हाताखालून मुले घडत राहतील. त्याचे नाव फलकावर लागणार नाही. त्याचा पगार मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेस झाला पाहिजे.