सुई रयतेच्या दंडांत, खुर्ची पुढाऱ्याच्या पदरांत!

2021 सालीं करोनाच्या ऐन कहरांत नवी मुंबईंतील तुर्भे-शिरवणे भागांत एका कंपनीच्या साडेतीनशेंवर नोकरमाणसांना लस म्हणून सुई टोचण्यांत आली. पुढें मुंबईंत कांदिवलीच्या एका वसाहतींतील 30 मेच्या शिबिराचें बिंग फुटलें. सुई घेतलेल्यांना सरकारी संदेश आले नाहींत; दाखले आले ते भलत्याच इस्पितळांच्या नांवाचे आणि भलत्याच तारखांचे! मग तुर्भे पोलीस ठाण्यांतहि गुन्हा नोंदला गेला. एकट्या मुंबईंत अशा बनावट शिबिरांतून 2,053 माणसें फसलीं, असें सरकारनेंच त्या जूनमध्यें उच्च न्यायालयाला सांगितलें. बाटलींत लस नसून मिठाचें पाणी असावें, असा पोलिसांचा संशय होता.

ज्याच्या दंडांत सुई गेली, त्याचे प्रश्न साधे होते. माझ्या अंगांत काय गेलें? त्यापासून अपाय होईल काय? खरी लस आतां कोठें मिळेल? माझ्या जिवाशीं खेळणाऱ्याला शिक्षा केव्हां? हे प्रश्न सभागृहांत मांडायला नवी मुंबईकराला नगरसेवकहि नव्हता. मे 2020 पासून पालिकेवर प्रशासक बसला होता. फसलेल्यांच्या प्रकृतीची तपासणी कशी करणार, हें उच्च न्यायालयानें सरकारला विचारलें. आमचे पुढारी काय विचारीत होते? हें सारें कोणाच्या राज्यांत घडलें, एवढेंच!

आम्ही कोणा एका पक्षाचें नांव घेऊन दुसऱ्याला सोंवळें ठरवीत नाहीं. एप्रिल 2021 मध्यें लशीचा सांठा तीन दिवसांपुरता उरला, असें राज्याचे आरोग्यमंत्री म्हणाले. तर दिल्लीच्या आरोग्यमंत्र्यांनीं महाराष्ट्राच्याच कारभारावर खापर फोडलें. त्याच महिन्यांत रेमडेसिविर औषधाच्या एका कारखानदाराला पोलिसांनीं चौकशीला बोलावलें, तों विरोधी पक्षनेते रात्रीं पोलिसांच्या दारीं हजर! सत्ताधारी म्हणाले, हे सांठेबाजाला वांचवायला आले. विरोधक म्हणाले, आम्ही रयतेसाठीं औषध आणीत होतों. इकडे रोग्याचा मुलगा चिठ्ठी हातांत घेऊन दुकानामागून दुकान हिंडत होता. 2022 च्या जूनअखेर राज्य पालटलें आणि 2023 च्या जूनमध्यें मुंबई पालिकेच्या व्यवहारांसाठीं विशेष तपास पथक नेमलें गेलें. कालचे फिर्यादी आज चौकशी करणारे, कालचे राज्यकर्ते आज फिर्यादी. तमाशाच्या फडांत सोंगें बदलतात, वग तोच राहतो!

कोणी म्हणेल, तुम्हांला चौकशीच नको. नाहीं बाबांनो! चौकशी हवीच, आणि कडक हवी. मिठाचें पाणी विकणारा तुरुंगांत गेलाच पाहिजे. लशीनें खरोखर ज्याचें माणूस गेलें, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण चौकशी ही सुई घेतलेल्या माणसाची ठेव आहे. पुढारी ती सावकाराप्रमाणें गहाण ठेवून घेतो आणि निवडणुकींत तिचें व्याज खातो, ही आमची तक्रार आहे.

2024 चा एप्रिल आठवा. ॲस्ट्राझेनेका कंपनीनें लंडनच्या न्यायालयांत दिलेल्या कागदांत, क्वचित् प्रसंगीं आपल्या लशीनें रक्ताच्या गुठळ्या होतात, असें कबूल केल्याची बातमी आली. तीच लस आपल्याकडे पुण्यांत कोविशील्ड नांवानें तयार झाली होती. लोकसभेचें मतदान चालू होतें. मग काय विचारतां! विरोधकांच्या हातीं आयतें कोलीत मिळालें. वास्तविक केंद्राच्याच समितीनें मे 2021 मध्यें अशीं 26 संशयित प्रकरणें जाहीर केलीं होतीं आणि दहा लाख टोचण्यांमागें 0.61 हें प्रमाणहि सांगितलें होतें. तें तेव्हां कोणी खेड्यापाड्यांत नीट समजावून सांगितलें नाहीं, आणि तीन वर्षांनीं त्याचेंच भूत करून नाचवलें. दुसऱ्या बाजूची तऱ्हा तर याहून न्यारी! दाखल्यावर स्वतःची तसबीर छापतांना लस त्यांची. अपायाचा जबाब द्यायची वेळ आली, तेव्हां लस कंपनीची!

हा रोग आमच्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांताचे गव्हर्नर डिसँटिस यांनीं डिसेंबर 2022 मध्यें लस करणाऱ्यांवर ग्रँड जूरी बसविण्याची मागणी केली. पुढल्या वर्षीं ते राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतींत उतरले आणि जानेवारी 2024 मध्यें बाहेरहि पडले. जूरीचा शेवटचा अहवाल जानेवारी 2025 मध्यें लोकांपुढें आला. गुन्हा सांपडला नाहीं! मागणीचा डंका जगभर वाजला. निकाल किती जणांच्या कानीं गेला?

आणि ही खोड जुनी आहे. डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजीं प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. ऑक्टोबर 1902 मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं 107 जणांना ही लस टोचली; त्यांतील 19 माणसें धनुर्वातानें मेलीं. मुंबईचे मुख्य न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या चौकशी मंडळानें दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना कामावरून दूर व्हावें लागलें. गांवीं बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करतां वापरला होता, ही गोष्ट बाजूलाच राहिली! हाफकिन निर्दोष ठरायला 1907 साल उजाडलें. 1925 मध्यें परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्यांचें नांव दिलें गेलें. सरकारला आपली चूक झांकायला बळी हवा असला, म्हणजे कायद्याची चौकशीहि अशी वांकते.

ह्याचा भुर्दंड कोण भरतो? 2022 च्या अखेरीस गोवंडीच्या झोपड्यांत गोवरानें लहान मुलें दगावलीं. करोनाच्या धामधुमींत कित्येकांच्या लशी चुकल्या होत्या, आणि कित्येक आयांच्या मनांत सुईचीच धास्ती बसली होती. पुढाऱ्याच्या नातवाला सगळ्या लशी वेळेवर मिळतात. संशयाचें पीक पुढारी पेरतो आणि गरिबाचें लेंकरूं तें कापतें.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. लशीच्या प्रत्येक चौकशीला मुदत घाला. तींत पक्षाचा माणूस नको. डॉक्टर, न्यायाधीश आणि सुई घेतलेल्यांचा प्रतिनिधि असूं द्या. आरोप ज्या चौकांत केला, त्याच चौकांत निकाल वाचून दाखवा, मग तो आरोप करणाऱ्याच्या तोंडावर पडो वा ज्याच्यावर केला त्याच्या.

वाचकहो, पुढल्या सभेंत कोणी लशीचें नांव घेऊन गळा काढूं लागला, तर एकच विचारा: "साहेब, तुर्भ्याच्या त्या नोकरमाणसांच्या अंगांत काय गेलें?" उत्तर आलें तर टाळ्या वाजवा, नाहीं आलें तर घरची वाट धरा. रिकाम्या सतरंजीपुढें भाषण करण्याची हौस फार दिवस टिकत नाहीं!