बाळाचा बॅकअप

परवा लंचला टीममधल्या एकाने एक चकचकीत ब्रोशर टेबलवर टाकलं. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. सोनोग्राफीच्या रांगेत बसले असताना एक टायवाला मुलगा आला आणि अर्धा तास दोघांचं डोकं खाऊन गेला. म्हणे बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून ठेवा, त्यात स्टेम सेल्स असतात. उद्या बाळाला ल्युकेमिया झाला, थॅलेसेमिया निघाला, म्हातारपणी इम्युनिटी ढासळली, तर हाच त्याचा 'इन्शुरन्स'. साठेक हजार फक्त, ईएमआयची सोय आहे. "तू असलं काहीबाही वाचत असतोस, सांग ना, घेऊ का?"

मी म्हटलं, नको. पण मीटिंगची वेळ झाली आणि कारणं सांगायची राहिली. म्हणून ही पोस्ट.

आधी बेसिक. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, रक्ताच्या मूळ पेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स सगळं तिथूनच येतं. नुसत्या तांबड्या पेशीच सेकंदाला वीसेक लाख तयार होतात. आपली रोगप्रतिकारशक्तीसुद्धा त्याच कारखान्याचा माल. नाळेच्या रक्तात या मूळ पेशी असतात, हे शंभर टक्के खरं. लोचा त्यापुढे आहे.

थॅलेसेमिया जन्मजात, जीन्समधला. म्हणजे बाळाच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष. कोडमध्ये बग आहे आणि तुम्ही त्याच कोडचा बॅकअप घेऊन ठेवलाय! रिस्टोअर केलंत तर बगच परत येणार. लहानपणच्या ल्युकेमियाचंही पुष्कळदा तसंच. त्याची सुरुवात करणारा बदल काही मुलांत जन्माआधीच झालेला असतो. मग ते रक्त त्याच मुलाला परत कोण देईल? १९८८ मध्ये पॅरिसला नाळेच्या रक्ताचं जगातलं पहिलं ट्रान्सप्लांट झालं, तेव्हा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीचं रक्त दिलं होतं. बहिणीचं! स्वतःचं नव्हे.

हे काही मी मनाचं सांगत नाहीये. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की स्वतःच्या भविष्यासाठी नाळेचं रक्त साठवायला आज शास्त्रीय आधार नाही. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल जो या पेशींनी बरा होऊ शकतो, तर जरूर साठवा. तो अपवाद खरा आहे. पण ब्रोशरमध्ये अपवादालाच नियम करून विकलंय.

आता ते म्हातारपणाचं. माझं डोकं फिरलं ते इथे. रक्ताच्या मूळ पेशी म्हाताऱ्या होतात हे खरं आहे, आणि जगभर कितीतरी पोस्टडॉक मंडळी त्यावर वर्षानुवर्षं घासतायत. हेंड्रिक्ये व्हान आंदेल-शिप्पर नावाच्या डच आजीबाई २००५ मध्ये ११५ व्या वर्षी गेल्या. त्यांनी देहदान केलं होतं. २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की शेवटी त्यांच्या अंगातलं साधारण दोन तृतीयांश पांढऱ्या पेशींचं उत्पादन फक्त दोन मूळ पेशींच्या वंशातून चाललं होतं. २०२२ मध्ये 'नेचर'मधल्या एका अभ्यासात कळलं की पासष्टीपर्यंत हजारो मूळ पेशी मिळून रक्त बनवतात, पण पंचाहत्तरीनंतर मोजक्या दहा-वीस घराण्यांकडेच ३० ते ६० टक्के कारभार जातो. थोडक्यात, लोकशाही जाऊन सरंजामशाही येते. हे का होतं, थांबवता येईल का, यावर अजून शोध चालू आहे. संशोधक जिथे प्रश्नचिन्ह टाकतात तिथे हा टायवाला रेटकार्ड ठेवतो. पिशवीतलं वाटीभर रक्त घालून म्हातारपणी इम्युनिटी तरुण करण्याचा कुठलाही सिद्ध झालेला उपचार आज नाही.

आणि ते रक्त फुकट जात होतं हेही खोटं. ते बाळाचंच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ कापायच्या आधी निदान एक मिनिट थांबा, म्हणजे ते रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने लोह पुरतं. पिशवी भरायची घाई केली तर त्यालाच कात्री. आपल्या देशात, जिथे घरोघर हिमोग्लोबिन कमी, तिथे हा बॅकअप नाही, मूळ डेटाच डिलीट करणं झालं.

"अरे पण आता पूल असतो, दुसऱ्याचंही मिळतं," असं तो म्हणाला. उत्तम. म्हणजे स्वतःचं कामाचं नाही, दुसऱ्याचं लागतं, हे कंपनीनेही मानलं तर! पण मग ते फक्त पैसे भरणाऱ्यांच्या क्लबपुरतं का?

दुसऱ्याचंच लागणार असेल तर तो दुसरा आपण आहोत, मंडळी. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाकीच्यांना अनोळखी डोनर शोधावा लागतो, आणि आपल्या रजिस्ट्रीत लोकसंख्येच्या मानाने नावं अगदीच तोकडी. चेन्नईची दात्री २००९ पासून हे काम करतेय, बंगलोरला डीकेएमएस आहे. नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बास. जुळलंच, तर चार-पाच दिवस इंजेक्शनं, थोडी अंगदुखी, आणि मग तीन-चार तास मशीनला हात लावून बसायचं. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. डोनर तरुण असला तर रुग्णाला जास्त फायदा, म्हणजे आपलंच वय यासाठी योग्य.

फक्त एक. नाव द्याल तर फोन आल्यावर "आई नको म्हणते" करू नका. आईशी आधीच बोला. पेशी घ्यायच्या आधी रुग्णाचा स्वतःचा बोनमॅरो औषधांनी मारलेला असतो. त्यानंतर माघार घेणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

मी दोन वर्षांपूर्वी काडी फिरवली. अजून फोन आलेला नाही. त्या मित्राला सोमवारी ही लिंक पाठवणार आहे. साठ हजारांचं काय करायचं ते त्याचं तो बघेल, काडी मात्र मी त्याच्याकडून फिरवून घेणार.