घर मिळालं, देश राहिला

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडच्या बाजारपेठेत चिखल उपसणाऱ्या लोकांना भांड्याकुंड्यांइतकीच कागदांची काळजी होती. रेशनकार्ड, सातबारा, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही डोंगर घरांवर आला. माणूस समोर उभा असतानाही तो कोण आणि कुठला, हे कागदानेच सिद्ध करावं लागतं, हे या दोन तालुक्यांना कुणी वेगळं सांगायला नको. पण इथे कागद पाण्याने आणि मातीने नेले. ज्यांचा कागद कधी तयारच झाला नाही आणि तो न करण्यात ज्यांचा काडीचाही दोष नव्हता, अशा माणसांची गोष्ट याहून बिकट आहे.

१९८९ साली मुंबईतल्या एका अनाथालयातली सात-आठ वर्षांची मुलगी दत्तक म्हणून अमेरिकेला गेली. तिकडे तिला धड एक घर मिळालं नाही. या घरातून त्या घरात ती फिरत राहिली, छळ सोसत राहिली. मोठी झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली. पुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तिला शिक्षा झाली आणि एक गोष्ट तिच्यावर येऊन आदळली: तिच्या नागरिकत्वाची कागदपत्रं कुणी पूर्णच केली नव्हती. २००८ मध्ये अमेरिकेने तिची भारतात रवानगी केली. नवरा आणि मुलं तिकडे. इथे ना भाषा, ना नातलग, ना ओळखीचा उंबरा. न्यायासाठी तिला मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं.

असं होतं कसं? त्या काळात परदेशी जोडप्याला भारतात मूल थेट दत्तक घेता येत नसे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता. त्यामुळे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व घ्यायचं, मुलाला भारतीय पासपोर्टवर न्यायचं आणि दत्तकविधान आपल्या देशात करायचं, अशी वाट होती. अमेरिकेत तिथल्या न्यायालयाने दत्तक मंजूर केलं की मूल कायद्याने त्या घरचं होई. त्या देशाचं मात्र होत नसे. त्यासाठी मूल अठरा वर्षांचं होण्याआधी आईवडिलांनी वेगळा अर्ज करावा लागे. कुणी विसरलं, कुणाला ठाऊकच नव्हतं, तर काही घरांनी मूलच टाकून दिलं. मुलाला यातलं काय कळणार? शाळा, नोकरी, लग्न सगळं पार पडतं आणि पासपोर्ट काढायला गेल्यावर किंवा पोलीस ठाण्यात उभं राहिल्यावर कळतं की आपण परके आहोत.

अमेरिकेने २००० साली ही चूक अर्धवट दुरुस्त केली. नव्या कायद्याने परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागलं, पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती त्यांनाच. एकाच घरात दत्तक गेलेल्या दोन बहिणी घ्या. १९८४ मध्ये जन्मलेली धाकटी नागरिक झाली, १९८२ ची थोरली बाहेर राहिली. मुंबईची ती मुलगी या रेषेच्या पलीकडे पडली. ही रेषा पुसण्यासाठी अमेरिकी संसदेत पुन्हा पुन्हा विधेयकं आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तशी तरतूद प्रतिनिधीगृहाने एका मोठ्या विधेयकातून मंजूरही केली, पण अंतिम कायद्यात ती उरली नाही. त्यातच १९९६ च्या कायद्याने कोणत्या गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढता येईल याची यादी लांबवून ठेवली आहे.

गुन्हा केला तर भोगावं, असं कुणी म्हणेल. भोगावंच. पण त्याच घरात जन्मलेला मुलगा तोच गुन्हा करतो तेव्हा शिक्षा संपवून आपल्या घरी जातो. दत्तक मुलीला मात्र शिक्षेनंतर देशही सोडावा लागतो, मुलंही सोडावी लागतात. या जास्तीच्या शिक्षेचं कारण तिचा गुन्हा नव्हे, तिच्या पालकांनी न केलेला अर्ज आहे.

घराने आपलं म्हटलं आणि सत्तेने नाकारलं, हे रायगड जिल्ह्याला नवं नाही. कर्जतजवळच्या वेणगावचा मुलगा दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतला, तोच पुढचा नानासाहेब पेशवा. १८५१ मध्ये बाजीराव गेल्यावर वर्षाला आठ लाखांचं निवृत्तिवेतन कंपनी सरकारने या मुलाला नाकारलं. दत्तक मुलाचा हक्क सरकारच्या मर्जीवर ठेवला की काय होतं, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

महाडचं चवदार तळं याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर हक्क आला, पाण्याला हात लावता येईना. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. तिथे कागद होता, पाणी नव्हतं. दत्तक गेलेल्यांना पाणी मिळालं, छप्पर मिळालं, आडनाव मिळालं; कागद नाही. दोन्हीकडे हक्क खरा करून घेण्याचा भार ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच डोक्यावर टाकला गेला.

हा अमेरिकेचा प्रश्न आहे, भारताने त्यात का पडावं? कारण ही मुलं भारतानेच पाठवली. ॲड. लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकासाठी कडक नियम घातले, १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, २००३ मध्ये भारताने परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार मान्य केला. पण हा करार नीट वाचला तर एक भोक दिसतं. मुलाला नव्या देशात येण्याची आणि कायम राहण्याची परवानगी मिळेल, एवढीच खात्री करार पाठवणाऱ्या देशाला देतो. नागरिकत्वाची नाही. आणि कायम राहण्याची परवानगी काढून घेता येते, हे मुंबईच्या त्या आईने अनुभवलं.

दक्षिण कोरियातून १९७९ मध्ये तीन वर्षांचा असताना दत्तक गेलेल्या एका माणसाला अमेरिकेने २०१६ मध्ये परत पाठवलं, तेव्हा तोही दोन देशांच्या मधे लोंबकळला. पण कोरियाने हा विषय तिथेच सोडला नाही. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने दत्तक पाठवण्याच्या जुन्या व्यवहारात मुलांच्या मानवी हक्कांचा भंग झाला आणि त्याला सरकार जबाबदार आहे, असं स्पष्ट म्हटलं. भारताने असा हिशेब अजून मांडलेला नाही.

तो मांडणं अवघड नाही. मुंबई आणि पुण्याच्या न्यायालयांत जुने पालकत्वाचे आदेश आहेत. त्यांवरून २००१ पूर्वी गेलेल्यांची यादी करावी आणि वकिलातींमार्फत त्यांच्यापैकी किती जण नागरिकत्वाविना आहेत हे शोधावं. कुणाला हद्दपार करायचं तर सहसा त्याच्या मूळ देशाकडून प्रवासाचा कागद लागतो. लहानपणी दत्तक गेलेल्या माणसाच्या बाबतीत भारतीय वकिलातीने तो डोळे झाकून देऊ नये. आधी त्याचं म्हणणं ऐकावं, वकील मिळवून द्यावा, त्या सरकारला जाब विचारावा. आणि ज्याला परत यावंच लागलं, त्याला विमानतळावर सोडून न देता राहायला जागा, भाषा शिकण्याची सोय आणि ओळखपत्र मिळावं.

पुढच्या मुलांसाठीही एक काम आहे, आणि ते रायगडमधूनच सुरू होऊ शकतं. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, परदेशी दत्तकाचेही. महाड किंवा पोलादपूरचं एखादं मूल उद्या परदेशी घरी जायला निघालं, तर त्याच्या नव्या आयुष्याचा पहिला कागद अलिबागला, जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात तयार होईल. त्या मुलाच्या नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत परत येईपर्यंत ही फाइल बंद होणार नाही, असं त्या आदेशातच लिहिलेलं असावं. आणि ती प्रत वेळेत आली नाही, तर त्या देशातल्या भारतीय वकिलातीला पत्र अलिबागहून जावं.