पालित अध्यासन : राखीव खुर्ची आणि नोबेल

(१)
भारतीय वैज्ञानिकाने भारतातच राहून केलेल्या संशोधनाला विज्ञानाचे एकच नोबेल मिळाले : चंद्रशेखर वेंकट रामन, १९३०. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, तो त्यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ. त्या दिवशीच्या भाषणांत एक गोष्ट सहसा येत नाही. रामन तेव्हा ज्या प्राध्यापकपदावर होते, ते पद जन्माच्या निकषावर राखीव होते. 'विज्ञानात केवळ गुणवत्ता पाहावी, सामाजिक वैविध्याचा आग्रह तेथे नको' असे मानणाऱ्यांनी हा धागा शेवटपर्यंत वाचावा.

(२)
आरंभ कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एच. बी. मेडलिकॉट हे या खात्याचे प्रमुख होते. भारतीय माणूस निसर्गविज्ञानात स्वतंत्र काम करण्यास सर्वथा असमर्थ आहे, असे त्यांचे मत होते. विज्ञानाची ओढ मानवजातीच्या या 'वाणा'त मुळात आहे तरी की नाही, याचीच त्यांना शंका होती. हे मत कोणा अडाणी शिपायाचे नव्हते. निरीक्षण आणि पुरावा हाच ज्यांचा व्यवसाय, अशा मान्यवर शास्त्रज्ञाचे ते मत होते.

(३)
या मताचा पुरावा कोणता होता? भारतीयांनी केलेले मोठे संशोधन दिसत नाही, हाच. ते का दिसत नव्हते? वरिष्ठ वैज्ञानिक पदे, प्रयोगशाळा आणि उपकरणे त्यांच्या हाती नव्हती म्हणून. 'आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार' असा हा युक्तिवाद होता. आडावर झाकण कोणी ठेवले, हे मात्र कोणी विचारीत नव्हते. बहिष्कारातून निर्माण झालेली उणीव हीच बहिष्काराचे समर्थन म्हणून वापरण्याची ही रीत ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

(४)
त्याच खात्यात १८८० मध्ये प्रमथनाथ बोस रुजू झाले. लंडनमध्ये शिकलेले, रॉयल स्कूल ऑफ माइन्समधून तयार होऊन आलेले. १९०३ मध्ये खात्याचे प्रमुखपद रिकामे झाले, तेव्हा त्यांना डावलून सेवेत दहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांना ते देण्यात आले. बोस यांनी खाते सोडले. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, मयूरभंजमधील लोहखनिजाविषयी त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहिले. टाटांच्या पोलाद कारखान्याचा इतिहास त्या पत्राशिवाय सांगता येत नाही. ज्याला खात्याने अपुरा ठरवले, त्याच्या ज्ञानावर एक उद्योगनगरी उभी राहिली.

(५)
दुसरे बोस अधिक परिचित आहेत. जगदीशचंद्र केंब्रिज आणि लंडनच्या पदव्या घेऊन परतले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय अध्यापकाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी असल्यास त्याच्याही निम्मा, असा दंडक होता. म्हणजे काम तेच आणि दाम एक-तृतीयांश. बोस यांनी तीन वर्षे पगाराला हात लावला नाही आणि शिकवणे थांबवले नाही. अखेर सरकारने पूर्ण वेतन मागील थकबाकीसह दिले.

(६)
हा प्रसंग शालेय पुस्तकांत देशाभिमानाची कथा म्हणून येतो. तो एका व्यवस्थेचाही पुरावा आहे. ही व्यवस्था १८९६ मध्ये अधिकच बळकट झाली : वरिष्ठ शिक्षणसेवेची भरती मुख्यतः इंग्लंडमध्ये, भारतीयांसाठी कनिष्ठ प्रांतिक सेवा. प्रफुल्लचंद्र रे हे एडिंबरोचे डी.एस्सी.; १८८९ मध्ये त्यांना मासिक २५० रुपयांवर नेमण्यात आले. त्यांनी तक्रार केली, तेव्हा शिक्षणखात्याच्या संचालकांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की इतर व्यवसाय मोकळे आहेत, ही नोकरी घ्याच अशी सक्ती कोणी केलेली नाही. गुणवत्ता ज्याच्यापाशी होती, तो दीर्घकाळ कनिष्ठ सेवेतच राहिला.

(७)
ही कोंडी कशी फुटली? 'दर्जा वाढवा, दारे आपोआप उघडतील' या उपदेशाने फुटली नाही. १९१२ मध्ये कायदेपंडित तारकनाथ पालित यांनी आपली संपत्ती कलकत्ता विद्यापीठाला विज्ञान महाविद्यालयासाठी दिली. रासबिहारी घोष यांच्या देणगीची तिला जोड मिळाली आणि आशुतोष मुखर्जी यांनी संस्था उभी केली. पालित यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र अशी दोन अध्यासने स्थापन करविली आणि दानपत्रात अट घातली : या जागांवर भारतीयांचीच नेमणूक होईल. आई-वडील भारतीय असणे असा तिचा अर्थही स्पष्ट करून ठेवला, म्हणजे पळवाट राहू नये.

(८)
ही अट काय होती? आजच्या भाषेत ते आरक्षण होते. जन्माच्या निकषावर, लेखी, सक्तीचे. त्या अटीखाली रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले प्रफुल्लचंद्र रे आणि भौतिकशास्त्राचे झाले रामन. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे तरुण १९१६ च्या सुमारास याच महाविद्यालयात अधिव्याख्याते झाले. साहा यांचे आयनीभवनाचे समीकरण १९२० मधले आणि रामन परिणाम १९२८ मधला. विसाव्या शतकातील भारतीय भौतिकशास्त्राचा सुवर्णकाळ ज्याला म्हणतात, त्याच्या केंद्रस्थानी ही राखीव खुर्ची आहे.

(९)
यावर आक्षेप ठरलेला आहे : 'रामन असामान्य होते, त्यांना आरक्षणाची काय गरज?' उत्तर त्यांच्याच चरित्रात आहे. १९०७ पासून दहा वर्षे हा असामान्य माणूस सरकारच्या अर्थखात्यात हिशेब तपासत होता. संशोधन चालत असे ते कार्यालयाच्या आधी आणि नंतर, महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभ्या केलेल्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. रामन परिणामाचा शोधही तेथलाच. बुद्धी १९०७ मध्येही होती. विद्यापीठाचे प्राध्यापकपद १९१७ मध्ये मिळाले. गुणवत्तेला बसायला जागा लागते, आणि ती जागा त्या अटीने राखून ठेवली होती.

(१०)
मात्र वंशभेदाविरुद्ध उभे राहिलेल्या समाजाचेही एक आतले दार होते. मेघनाद साहा ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचा मुलगा. बंगालमध्ये खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला. १९११ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. जगदीशचंद्रांनी जेथे असमान वेतन नाकारले होते, तेच हे कॉलेज. ईडन हिंदू वसतिगृहात मात्र वरच्या जातींच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका भोजनगृहात जेवण्यास हरकत घेतली. वर्गात इंग्रजांच्या पंक्तिभेदाचा संताप आणि जेवणघरात स्वतःचा पंक्तिभेद, दोन्ही एकाच वास्तूच्या परिसरात नांदत होते.

(११)
मुंबई याहून वेगळी नव्हती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला गणित सोडवण्यासाठी फळ्यापाशी बोलावले, तेव्हा मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाजूला काढले. गणित सुटते की नाही, हे पाहण्याआधी डबे हलले. 'गुणवत्तेची स्पर्धा सर्वांना खुली आहे' असे म्हणताना फळ्यापर्यंतचे ते अंतर हिशेबात धरावेच लागते. परीक्षेची उत्तरपत्रिका ते अंतर नोंदवत नाही.

(१२)
स्वतः रामनही अपवाद ठरले नाहीत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक रामन यांनी नकार दिला. कारण एकच : अर्जदार स्त्री आहे. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभर पारखण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले होते. दार कोठे ठोठवायचे आणि किती वेळ, हे त्या घराला ठाऊक होते. ज्या घरांना ते ठाऊक नव्हते, त्यांतील मुलींची नावे इतिहासापाशी नाहीत.

(१३)
वंश आणि जात एकच आहेत, असा दावा येथे नाही. त्यांची उत्पत्ती, धर्माशी असलेले नाते, रोजच्या जगण्यातील रूप, सारे भिन्न आहे. बहिष्काराची यंत्रणा मात्र दोन्हीकडे एकसारखी चालते. प्रथम प्रवेश नाकारायचा, मग अनुपस्थितीला अपात्रता म्हणायचे, आणि शेवटी त्या अपात्रतेच्या नावाने दार बंद ठेवायचे. मेडलिकॉट यांचा शेरा आणि निवड समितीच्या कागदावरचा 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा शेजारी ठेवून वाचावेत.

(१४)
स्वतंत्र भारताचा कायदा काय म्हणतो? २००६ च्या कायद्याने केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशात अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गांना २७ टक्के जागा राखीव केल्या. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने 'उत्कृष्टतेच्या' संस्था आणि संशोधन संस्था एका परिशिष्टात घालून या बंधनातून वगळल्या. त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचे घटकही आहेत. अध्यापकभरतीविषयीच्या २०१९ च्या कायद्यातही असेच परिशिष्ट आहे.

(१५)
या परिशिष्टाचा अर्थ सरळ आहे. वैविध्य शिकवणीच्या वर्गात चालेल. जेथे नवे ज्ञान निर्माण होते, तेथे ते उत्कृष्टतेला बाधक ठरेल. ही समजूत ज्या देशाच्या विज्ञानाने राखीव अध्यासनावरून नोबेल पाहिले, त्या देशाच्या कायद्यात शिरावी, हे विस्मरण साधे नाही. पालित यांची अट उत्कृष्टतेला मारक ठरली नाही, हे ज्यांना मान्य आहे, त्यांनी हे परिशिष्ट कोणत्या पुराव्यावर उभे आहे ते सांगावे.

(१६)
'आता तर भेदभाव उरला नाही' असेही म्हटले जाते. उरला की नाही, हे मोजता येते. पण मोजण्याची इच्छा हवी. अमेरिकेत ती मोजणी झाली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण, प्रशिक्षण, आधीची अनुदाने, प्रकाशने या सर्वांचा हिशेब घेतल्यावरही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्केबिंदूंनी कमी निघाली. २०१९ च्या पुढील अभ्यासात एक कारण दिसले : समाजगटांच्या आरोग्याशी निगडित विषय ते अधिक निवडत, आणि अशा विषयांना अनुदान कमी मिळे. तफावतीचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग विषयाच्या निवडीतून येत होता.

(१७)
म्हणजे प्रश्न केवळ खुर्चीवर कोण बसतो एवढा नाही. कोणता प्रश्न संशोधनास योग्य ठरतो, हेही त्यावरून ठरते. सिकलसेल या रक्तविकाराचा भार विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार येथील आदिवासी व दलित वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या वाहत आल्या. भारतातील त्याच्या पहिल्या नोंदी १९५२ च्या. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली २०२३ मध्ये. मधल्या ७१ वर्षांची कारणे अनेक असतील. पण हा आजार ज्यांच्या घरात होता, ती माणसे प्रयोगशाळांच्या प्रमुखपदी असती, तर एवढी वर्षे लागली असती का, हा प्रश्न टाळता येत नाही.

(१८)
भारतात आकडे मागावे लागतात. कोणत्या संस्थेत कोणत्या समाजातील किती संशोधक, हे पुष्कळदा माहिती अधिकाराचा अर्ज केल्यावरच कळते. जेथे चौकशी झाली, तेथे काय दिसले? दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभावाविषयी सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. त्रासाला कंटाळून दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र राहू लागल्याचे त्यात नोंदले गेले. ईडन हिंदू वसतिगृहातील साहा यांच्या दिवसांना तोवर सुमारे शंभर वर्षे होत आली होती.

(१९)
मागण्या साध्या आहेत. दोन्ही कायद्यांतील परिशिष्टे रद्द व्हावीत. अर्ज किती, मुलाखतीस किती, निवड किती, याचे समाजगटानुसार आकडे प्रत्येक संशोधन संस्थेने दरवर्षी प्रसिद्ध करावेत. 'योग्य उमेदवार आढळला नाही' असे लिहिणाऱ्या समितीने कारणेही लेखी द्यावीत. शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला मिळावी. कारण घरी जमीन वा बचत नसलेला संशोधक थकलेल्या हप्त्यांमुळेच आधी बाहेर पडतो.

(२०)
येत्या २८ फेब्रुवारीला रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जाईल, जगदीशचंद्रांच्या तीन वर्षांच्या बाणेदारपणाची कथा सांगितली जाईल. ती जरूर सांगावी. सोबत तारकनाथ पालित यांच्या दानपत्रातील अटही वाचून दाखवावी. आणि ज्या संस्थेच्या सभागृहात हा समारंभ होईल, तिचे नाव त्या परिशिष्टात आहे का, हे व्यासपीठावरील मान्यवरांना श्रोत्यांनी अवश्य विचारावे.

(धागा समाप्त)